जीपची डावी सीट

दसऱ्याची सकाळ, साडेनऊची वेळ. आमच्या जव्हारच्या घराचा दहा बाय बारा फुटांचा हॉल. हजर माणसे चार: मी, माझी पत्नी, आतल्या खोलीत आई आणि दारात टेम्पो लावून हसत उभे असलेले माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. रक्कम एकोणीस हजार आठशे. ती कशाची, ते पुढे येईलच. आधी एवढे सांगतो, की मोडीत निघालेल्या गाडीवर या मेव्हण्यांइतकी माया करणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा नाही, आणि पन्नाशीनंतर मी जितक्या वेळा हादरलो, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा त्यांच्याच घरी.

तरुणपणी ते ठाण्याला गॅरेजात होते, आता मोखाड्यात त्यांचे स्वतःचे गॅरेज आहे. घरात लाकडी सामान जवळजवळ नाही. पलंग ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर उभा आहे. एकदा दुपारी जेवून त्यावर आडवा झालो आणि कूस बदलली, तर पलंग अकरा वेळा खालीवर झाला. मी मोजले. मी कठडा धरून ओरडलो, तर मेव्हणे शांतपणे म्हणाले, "दाजी, ह्यो पाटा दहा टनाचा लोड घेतो. तुमी पासष्ट किलो. उडणारच." जेवणाच्या टेबलाला बसचे स्टिअरिंग आहे. ते फिरवले की भाजी ज्याच्या त्याच्या पुढ्यात येते. माझ्याकडे लोणचे यावे म्हणून त्यांनी घाईने ते उलटे फिरवले, तेव्हा वाटीभर आमटी माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. "वळणावर जरा मागं सरकायचा, दाजी," हा त्यावरचा खुलासा. मसाल्याच्या कपाटाला जीपचा दरवाजा आहे. हळद हवी असेल तर हँडल फिरवून काच खाली करायची. वहिनी रागावल्या की काच वर करून दार लॉक करतात आणि त्या दिवशी सगळे अळणी जेवतात.

मात्र एक नियम ते कधी मोडत नाहीत. भंगारातला कोणताही भाग घेण्याआधी विचारतात, "कोणी गेला नाय ना हिच्यात?" उत्तर पटले तरच नारळ फोडून कापायला घेतात. दसऱ्याला लोक गाड्यांना हार घालतात, हे पलंगाला आणि कपाटाला घालतात, चारी पायांखाली लिंबे ठेवतात. या प्रकाराला मी पुष्कळ वर्षे हसत आलो.

आता ती रक्कम. माझे वडील अठ्ठावीस वर्षे जव्हार-मोखाडा मार्गावर प्रवासी जीप चालवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि जीप अंगणात गंजत राहिली. गेल्या श्रावणात मी ती विकली. सहाशे साठ किलो, तीस रुपये दर. वजनाची पावती आईपुढे धरली आणि म्हणालो, "चांगला भाव आला." आईने पावतीकडे पाहिले. "काटा बरोबर होता ना?" एवढेच विचारून ती आत गेली. त्या दिवसापासून तिचे ताट आतल्या खोलीत जाऊ लागले. माझ्याशी बोलणे "हो" आणि "नको" या दोन शब्दांवर आले. पत्नी म्हणाली, "वजन केलंत, भाव काढलात. त्यांना विचारलंत का?" विचारले नव्हते. दोन महिने मी या एका चुकीभोवती फिरत होतो आणि दुरुस्तीची जागा सापडत नव्हती.

आईचे माहेर पोशेऱ्याचे. वर्षातून दोनदा ती माहेरी निघाली, की पुढची डावी सीट तिची. तिथे दुसरा प्रवासी बसत नसे. उतरताना वडील हात पुढे करत, "भाडं? घरच्याला फुकट नाय." ती म्हणे, "पोचल्यावर देते." "पोचलो की!" "घरी पोचल्यावर." ते भाडे तिने कधीही दिले नाही.

तर दसऱ्याला मेव्हण्यांनी टेम्पोतून उतरवले ते हे. जीपच्या पुढच्या दोन सीटा, खाली लोखंडी पाय, बाजूला हॉर्न. उजव्या सीटवर वडिलांनी दाभणाने शिवलेले हिरवे ठिगळ तसेच होते.

"दाजी, वजन करून इकलीत? मला एक फोन नाय करायचा?" मेव्हणे म्हणाले. "भंगारवाल्यानं निम्मी कापली होती. एवढा मिळाला."

त्यांनी हॉर्न दाबला. तोच घोगरा आवाज. आतला भांड्यांचा आवाज थांबला आणि आई बाहेर आली. तिच्या हातात ताट होते: हळद, कुंकू, झेंडूची फुले, चार लिंबे. जीप नव्हती, तरी तिने ताट तयार करून ठेवले होते. दिवसभरात मला बसलेला खरा धक्का हा.

तिने पूजा केली आणि डाव्या सीटवर बसली. तिला सोबत म्हणून मी उजवीकडे टेकू लागलो.

"तिथं नको," आई म्हणाली. "मागं बस. तुला नेहमी मागंच बसवायचो."

मागे सीट नव्हती. मी मागे जाऊन फरशीवर बसलो. दोन महिन्यांत तिने माझ्याशी केलेले हे सर्वांत लांब बोलणे.

थोड्या वेळाने मी मेव्हण्यांना खर्च विचारला. "अकराशे गेले. ऱ्हाऊ द्या, सणाचा दिवस हाये," ते म्हणाले. तेवढ्यात आईने कनवटीची पन्नासची नोट काढली. मेव्हण्यांनी गडबडीने हात जोडले, "मावशी, कशाला?"

"तुला नाय रे," आई म्हणाली.

तिने नोट उजव्या सीटवर, हिरव्या ठिगळाशी ठेवली. मेव्हण्यांना शेवटपर्यंत काही दिले गेले नाही, त्यांनी घेतलेही नाही. दिले गेले ते एवढेच: पन्नास रुपये, ड्रायव्हरला.