दाराजवळची रांग

कऱ्हाटीच्या पलीकडं एका वाडीवर कुंडलिक मेंढका राहायचा. फुला त्याची थोरली लेक. जूनमध्ये ती शाळेत बसायची आणि दिवाळी झाली, की कळपामागं कोकणात उतरायची. माघारी येईतो परीक्षा होऊन गेलेली. अशी तीन वर्षं ती दुसरीतच राहिली. गुरुजींनी तिला दाराजवळ, 'ढ' पोरांच्या रांगेत बसवलं. त्या रांगेत सगळी मेंढक्यांचीच पोरं होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हळूहळू वाडीही तिला 'ढ फुली' म्हणू लागली. कुंडलिक गावच्या बैठकीला गेला, की चावडीच्या उंबऱ्याशी बसायचा. सगळ्यांनी हात वर केले, की आपलाही करायचा.

पंचावन्न साली सिंधुबाई नावाच्या नव्या बाई शाळेत आल्या. एक दिवस त्यांनी फुलाला विचारलं, "एकशेवीस मेंढरं तिघा भावांत वाटली, तर?"

"चाळीस-चाळीस." फुला थोडी थांबली. "पण बाई, गाभण किती हायती ते बगून वाटाय लागतं."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. "तुला ढ कोण म्हणतं गं?"

"समदीच. मी बी म्हंते."

त्या दिवाळीला बाईंनी तिच्याकडं पाटी आणि पुस्तक दिलं. कुठल्या महिन्यात कुठला धडा, तेही लिहून दिलं. मेंढरं चरायला लागली, की फुला झाडाखाली बसून वाचायची. अडलेला शब्द बोटानं दाबून धरायची, जणू तो पळून जाईल.

माघारी आल्यावर तिनं बापाला धडा वाचून दाखवला.  पुढच्या बैठकीत कुंडलिक उभा राहिला.

"आमची पोरं ढ न्हाईत. परीक्षेला ती हितं नसत्यात. मेंढरं माघारी आल्यावर पोरांची परीक्षा घ्या."

"आजवर का न्हाय बोलला?" सर्जेराव सरपंचांनी विचारलं.

"कुणी इचारलं न्हाय, आबा."

त्या जूनमध्ये मेंढक्यांच्या सात पोरांची वेगळी परीक्षा झाली. पाच पास झाली, त्यात फुला होती. राहिलेल्या दोघांना तिनं पुढच्या कोकणवाटेवर शिकवलं.

अठ्ठावन्न साली पळसदेवहून तिचा मामा मानसिंग आला. "पोरगी काय करती?" त्यानं विचारलं.

"चौथी पास झाली," कुंडलिक म्हणाला. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवत, मामानं परत विचारलेलं नसतानाही, पुन्हा एकदा सावकाश म्हणाला, "चौथी पास."