सासूबाईंचा गवती चहा

आमच्या दारातला गवती चहा कुणी मागत नसे आणि सासूबाई कुणाला देत नसत. मागून नेलेलं रोप मरतं, चोरून नेलेलं लागतं, असं त्यांचं ठाम मत. गल्लीतली एखादी बाई फाटकाशी घुटमळायला लागली की त्या मुद्दाम पाठ फिरवून धुणं वाळत घालायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "मला काय दिसत नाय गं बाई आता!" ती बाई खुरप्यानं दोन फुटवे मुळासकट उपटायची, पदराखाली घालायची आणि पसार व्हायची. दुसऱ्या दिवशी दोघी काही घडलंच नाही अशा बोलायच्या. मला चीड यायची. अहो, सरळ द्या की! पण सांगणार कोण?

त्यांनी स्वतःही पहिला फुटवा पेठ गावी, मावशीच्या बांधावरून असाच पळवला होता. सासरे तेव्हा एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होते. ड्यूटीवरून आले की गवती चहा घातलेलाच चहा लागायचा. तो नसला की कप तसाच बाजूला.

मागच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, फाल्गुनात, सासूबाई गेल्या. मला रडू आलं नाही. आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. येईना त्याला मी काय करू, कांदा चिरू? बावीस वर्षं आम्ही एका ओट्यावर भांडलो आणि आता मला काहीच वाटत नव्हतं. पाय बधीर झाल्यावर तो आपला नाहीच असं वाटतं, तसं.

तेरावं झालं. सकाळी चहाला चार पाती कापायला विळा घेऊन गेले, तर ओसरीवरून बाबा, म्हणजे सासरे, ओरडले. "ठेव तो विळा! तिच्या हातचं हाय ते. कुणी हात लावायचा नाय."

ठेवला. मरू दे, म्हटलं, मला काय. त्या दिवसापासून ते प्लास्टिकची खुर्ची टाकून गवती चहाच्या बेटाकडे तोंड करून बसायला लागले. मी चहा करून द्यायचे, निम्मा निवून जायचा. बायका फाटकाशी थांबेनाशा झाल्या.

पण गवती चहा कापला नाही तर जगत नाही. सासूबाई म्हणायच्या, "कापलं की हसतं गं ते." दोन उन्हाळे कुणी कापलं नाही. पाती लोळली, वाळली, खालचे नवे कोंब गुदमरले. बुंधे मातीतून वर आले आणि बेट मधून काळं पडलं.

"बाबा, सडतंय ते," मी एकदा म्हटलं.

"सडू दे."

गल्लीत दारोदारी त्याच बेटाची पिल्लं होती. आणून लावता आली असती. पण ती लोकांच्या हातची. बाबांना हेच हवं होतं आणि हेच त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होतं.

यंदा आषाढात पाहिलं तर एका कडेला चारच हिरवे फुटवे उरले होते. परत विचारलं असतं तर परत नाहीच म्हणाले असते. मी खुरपं घेतलं, फाटकाबाहेर गेले आणि तिथं नुसती उभी राहिले. घुटमळत. स्वतःच्याच दारात!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुरप्याकडे.

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले. खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"मला काय दिसत नाय आता," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणायला गेले, पण आवाज मध्येच फुटला.

मी चारही फुटवे उपटले. पदर नव्हता, ड्रेस होता, म्हणून ओढणीखाली घातले आणि पळाले. मागच्या दारी मोरीपाशी बसले आणि मला रडू फुटलं. आई गं, केवढं रडले!

फुटवे तिथंच, मोरीच्या पाण्यावर लावले. लावताना वरची पाती छाटावी लागतात, ती चहात टाकली. बाबांनी कप रिकामा केला. बशीतलासुद्धा प्यायले.

"पाती कुठनं आणली गं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.