कारणाचा रकाना

आमच्या विद्यापीठात बंद पडलेली गोष्ट बंदच ठेवण्याचा पगार घेणारा एकच माणूस होता, आणि तो माझा साडू होता. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे नात्याने ते मोठे, हुद्द्याने मी मोठा आणि घरात दोघांनाही कुणी विचारत नाही, एवढं आमच्यातलं साम्य. मी मराठी विभागात शिकवतो. ते संगणक केंद्रात होते. आवारातल्या प्रत्येक इमारतीत नेट पोचवणाऱ्या तारा आणि भिंतीवर टांगलेले लुकलुकत्या दिव्यांचे डबे, हा सगळा पसारा त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. आता नेट गेलं की शहाणा माणूस काय करतो? डबा बंद करतो, दहा आकडे मोजतो, पुन्हा चालू करतो आणि कामाला लागतो. आमच्या साडूंच्या लेखी हे पाप होतं. फोन आला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "हात लावू नका, मी येतोय." मग ते यायचे, स्टूल मागून घ्यायचे आणि त्या मेलेल्या डब्यासमोर गुडघ्यावर हात ठेवून बसायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "पाहुणे, एकदा बंद-चालू करून तर बघा." माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. "बंद करून चालू केलं की बिघाड पळून जातोय," ते म्हणाले. "मग त्यो कोन हुता, कुठनं आलता, कशापाय आलता, हे कुनी सांगायचं? चोराला मागलं दार उघडून द्यायचं आन म्हणायचं, घर सुखरूप हाय."

या चोराची नोंद ठेवायला त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती. तिच्यात तीन रकाने: दिवस, बिघाड, कारण. पहिले दोन कुणीही भरील. साडूंचा जीव तिसऱ्यात होता. तो रकाना कोरा असेल तर त्यांना जेवण जात नसे, असं आमच्या थोरल्या मेहुणीबाई सांगत. कारण शोधताना ते समोर कोण आहे हे पाहत नसत. ज्या खोलीत बिघाड, त्या खोलीतला माणूस पहिला संशयित, मग तो शिपाई असो नाहीतर कुलगुरू. सकाळपासून खोलीत कोण आलं, खुर्ची कुणी सरकवली, झाडू कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाला, अशी उलटतपासणी चाले. वाणिज्य विभागाचं नेट तीन दिवस तुटत होतं तेव्हा त्यांनी डबा उघडला, तर आत मुंग्यांची रांग. दुसऱ्या कुणी मुंग्या झटकल्या असत्या. साडू रांगेच्या उलट्या दिशेने निघाले, भिंत चढले, कपाटावर पोचले आणि तिथला एक चिकट ओघळ त्यांनी बोटावर घेऊन चक्क चाखला. "काकवी हाय," ते म्हणाले. "आन झ्याक हाय. कुनाच्या गुऱ्हाळातली?" एका प्राध्यापकांनी गावाहून आणलेली बाटली कपाटावर ठेवली होती आणि ते ती विसरून गेले होते. वहीत नोंद झाली, 'कारण: काकवी'. त्या प्राध्यापकांना पुढे बढती मिळाली, पण आवारात ते काकवीसर म्हणूनच राहिले.

साडू मूळचे मुरगूडचे. त्यांचे वडील पाटकरी होते, म्हणजे गावच्या शेतांना पाण्याची पाळी लावून देणारा माणूस. नेट हे पाणीच आहे अशी साडूंची पक्की समजूत, आणि तिला धक्का देईल असं कोणतंही पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत सगळ्यांना एकदम नेट हवं असे आणि कुणालाच धड मिळत नसे. तेव्हा साडू पाळी लावत. सगळ्यात लांब, आवाराच्या टोकाला असलेल्या विभागाला आधी, आणि संगणक केंद्राला भिंत लावून असलेल्या प्रशासनाला शेवटी. वरून विचारणा झाली तर सांगत, "मोटंजवळचा गडी कवा कोरडा ऱ्हात न्हाय, साहेब. टोकाचं रान आधी भिजवायचं." साहेबही शेतकऱ्याच्या पोटचे होते, त्यांना हे पटलं. डब्यांना कंपनीने लांबलचक आकडे दिलेले होते, पण साडूंनी त्यांना घरच्या म्हशींची नावं ठेवली होती. बुरी, तांबडी, चंद्री, काळुंद्री. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख फोनवर काकुळतीला येऊन "अहो, आमची तांबडी सकाळपासून गप्प आहे" असं सांगताना मी स्वतः ऐकलेलं आहे.

त्यांच्या या कुतूहलाने त्यांना एकदा चांगलंच अडचणीत आणलं. मुलींच्या वसतिगृहाचं नेट दर रविवारी सकाळपासून मेलेलं असे आणि संध्याकाळी आपोआप जिवंत होई. तिथे तार नव्हती. ग्रंथालयाच्या गच्चीवरची तबकडी आणि वसतिगृहाच्या गच्चीवरची तबकडी समोरासमोर पाहत असत, त्यावर कारभार चाले. रविवारी नेमकं काय होतं हे बघायला साडू ग्रंथालयाच्या गच्चीवर जाऊन बसले. बसले ते बसले, वर पक्षी बघणाऱ्या एका प्राध्यापकांकडून दुर्बीण आणून बसले. अठ्ठावन्नाला टेकलेला, घरी सुना असलेला माणूस रविवार सकाळी मुलींच्या वसतिगृहाकडे दुर्बीण लावून बसलाय, ही बातमी रेक्टरबाईंकडे पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाई दोन सुरक्षारक्षक घेऊन गच्चीवर आल्या. "काय बघताय?" त्यांनी दरडावून विचारलं. साडूंनी डोळ्याची दुर्बीण न काढता सांगितलं, "वाकळ बघतोय, बाई. वल्ली हाय, पाणी गळतंय अजून." मुली रविवारी अंथरुणं-पांघरुणं धुऊन तबकडीच्या पुढ्यातल्या दोरीवर वाळत घालत, आणि ओल्या वाकळेतून नेट पलीकडे जात नसे. बाईंचा विश्वास बसेना. तेव्हा साडूंनी त्यांनाच वसतिगृहाच्या गच्चीवर पाठवलं. बाईंनी वाकळ उचलली, खालून मुलींचा आनंदाचा आरडाओरडा झाला. वाकळ टाकली, आरडाओरडा थांबला. बाईंनी हे चार वेळा करून पाहिलं म्हणतात. शेवटी दोरी तिथून दुसरीकडे हलली आणि साडूंची अब्रू राहिली. मेहुणीबाईंनी मात्र पुढे महिनाभर उठताबसता त्यांना दुर्बिणीवरून टोमणे मारले.

इतकं सगळं मी हसत हसत सांगतो, पण त्या वहीतली एक नोंद आठवली की माझं हसू मावळतं. आमच्या मजल्यावरचं, तीन विभागांचं नेट दर गुरुवारी दुपारी जायचं. अर्ध्या तासाने परत यायचं. चहाच्या वेळी सहकारी कुरकुरायचे आणि मीही त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचो, "थांबा, आमच्या साडूंना सांगतो." गुरुवारी जेवणानंतर मला तास नसतो. खोलीचं दार लावून, बाकावर उशी टाकून मी थोडा आडवा होतो. वामकुक्षी हे काही पाप नव्हे. फक्त माझ्या उशाशी भिंतीवर एक जुनाट डबा होता आणि त्यातला पंखा सारखा घरघरत असे. बंद पडलेल्या एसीचा राहून गेलेला स्टॅबिलायझर असावा, अशी माझी समजूत. झोपताना मी त्याचं बटण बंद करायचो, उठल्यावर चालू करायचो. एका गुरुवारी आमच्याच मजल्यावर एका मुलीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालू होती, बाहेरगावचे परीक्षक पडद्यावर होते. सव्वादोनच्या सुमाराला पडदा काळा झाला. मुलगी उत्तराच्या मध्यावर होती. ती रडायला लागली. परीक्षा नंतर पुरी झाली, ती पासही झाली, पण त्या दिवशी मोठा गोंधळ उडाला आणि तासाभराने साडू माझ्या खोलीत आले. मागे आमचे विभागप्रमुख आणि शिपाई. साडूंनी तो स्टॅबिलायझर उघडला, आतली धूळ फुंकली आणि प्रेमाने म्हणाले, "ही चंद्री. तीन विभाग हिच्यावर जगत्यात." मी उशी हळूच बाकाखाली सरकवली. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पावणं, दुपारचं हिचं बटन कुनी बंद करतंय का?"

मी म्हणालो, "नाही बुवा."

तीन माणसं समोर उभी होती, पलीकडे मुलीचे डोळे अजून वाळले नव्हते, आणि मी प्राध्यापक माणूस झोपेसाठी बटण बंद करतो हे सांगायची माझ्यात धमक नव्हती. साडूंनी मान हलवली. त्यांनी चंद्रीची वायर बदलली, पिन बदलली, बोर्ड बदलला, वीज खात्याच्या वायरमनला आणून आख्ख्या मजल्याची तपासणी केली. पुढचे तीन गुरुवार ते स्वतः माझ्या खोलीत स्टूल टाकून बसले. मी डोळे ताणून, चहावर चहा मागवून, त्यांच्याशी उसाच्या जातींवर बोलत जागा राहिलो. चंद्रीला अर्थातच काही झालं नाही. "मानूस बघाय बसला की बिघाड लाजतोय," ते म्हणाले. मी बटणाला पुन्हा हात लावला नाही, त्यामुळे बिघाड कायमचा गेला. सगळे खूश झाले, एकटे साडू सोडून. निवृत्त होईपर्यंत दर गुरुवारी सव्वादोनला ते माझ्या दारात डोकावत, चंद्रीकडे एकदा बघत आणि जात. निरोप समारंभात त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते दोनच वाक्यं बोलले. "सगळ्यांनी लई संभाळून घेतलं. येक रकाना तेवढा कोरा ऱ्हायला." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत बुटांच्या नाड्या बघत बसलो होतो.

त्याला आता दोन वर्षं झाली. सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडे गेलंय. नेट गेलं की पोरं कुठूनतरी लांबूनच बंद-चालू करतात, मिनिटात येतं. कुणी काही विचारत नाही. गेल्या महिन्यात रजा टाकून मी मुरगूडला गेलो. साडू घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. घरचा मिक्सर उघडायला मेहुणीबाईंनी बंदी घातल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं, आणि ते जरा वाळलेही होते. पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत मी म्हटलं, "पाहुणे, चंद्रीचं बटण मी बंद करत होतो. झोपेसाठी. खोटं बोललो तुमच्याशी."

मला वाटलं, उठून आत जातील. पण त्यांचे डोळे असे काही चमकले की दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. "तुमी? किती वाजता? बाक कुठं, उशी कुठल्या अंगाला? हात पोचायचा का उठाय लागायचं?" त्यांनी मला सोप्यातल्या कॉटवर आडवं केलं आणि हात लांबवायला लावला. "सव्वादोनला बंद. आन उठायचासा कवा?" पावणेतीनला, मी पडल्या पडल्या म्हणालो. "जुळतंय," ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "समदं जुळतंय की!" आतून वही आणली, पान काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कारण: पावण्यांची झोप'.

मी उठून बसलो. "इतके संशयित तपासलेत, माझा संशय कधी आला नाही?"

"आलता की," ते टोपण लावत म्हणाले. "पयल्याच दिवशी. खोलीत तुमी, बटन तुमच्या उशाला. दुसरं कोन असनार? पर तुमी न्हाय म्हणालासा." आणि सगळं सांगून झाल्यासारखे थांबले. "मग न्हाय."

माझ्या शब्दाखातर या माणसाने नसलेला चोर शोधत अख्ख्या मजल्याच्या वायरी उकरल्या होत्या. मी त्यांचा हात धरला, तर ते अवघडून बसले आणि वही चाळायला लागले. शेवटपर्यंत चाळली. आता एकही रकाना कोरा नव्हता. वही मिटून ते बराच वेळ तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. चहा आला, तो निवला. मग हळूच म्हणाले, "तुमच्याकडं आजून काय बिघडलंय का, पावणं?"

मी विचार केला. घरची बेल अधूनमधून दुपारची आपोआप वाजते, उठून बघावं तर दारात कुणी नसतं. शनिवारी वायरमन यायचा होता. मी ते सांगितलं आणि साडू ताठ झाले. "हात लावू नका," ते म्हणाले. "मी येतोय."

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी वायरमनला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तेव्हापासून गुरुवारी दुपारी मी घरी येतो, साडू मुरगूडहून येतात. दाराशी स्टूल टाकून ते बेलकडे बघत बसतात आणि मी शेजारी जागा असतो. बेल अजून वाजलेली नाही. इतक्यात वाजू नये, असं मला वाटायला लागलंय.