पाया पडले आणि बाद झाले

थाळीफेकीत मी जिल्ह्यात पहिली आले आणि पेपरात फोटो छापून आला, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, आता हिला नवरा कुठून आणणार? आईला ते पटलं. ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. बाईच्या दंडात ताकद हवी ती पाटी उचलण्यापुरती, असं तिचं मत.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. तिनं बजावलं होतं, यंदा खेळावर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गुमान माझ्या शेजारी मासळी विकायला बसायचं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या साहेबांनी मला शब्द दिला होता: थाळीफेकीत राज्याच्या संघात निवड झाली, की कामावर घेऊ. निवड चाचणी कल्याणला होती, आमचे खेळाचे सर सकाळपासून सोबत होते. आई जन्मात पहिल्यांदा माझा खेळ बघायला आली आणि रिंगणामागच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. मी मूर्ख, मला भरून आलं.

आमच्या घरी जड काही उचलायच्या आधी आणि उतरवल्यावर जमिनीच्या पाया पडतात, म्हणजे तिला हात लावून तो कपाळाला लावतात. मैदानावर मी हे रिंगणात शिरण्याआधीच उरकायची. कारण थाळी फेकल्यावर मागच्या बाजूनंच बाहेर पडायचं असतं, आणि तोवर कड्याबाहेरच्या मातीला बोट जरी लागलं तरी फेक बाद.

शेवटची थाळी सुटली तेव्हा हातालाच कळलं. सगळ्यांच्या खुणा ओलांडून ती पार पुढे पडली. मी हरखून उभी होते, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "पाया पर गो."

मी वाकले आणि समोरच्या मातीला हात लावला. पंचांनी लाल बावटा वर केला. मी भांडले, गयावया केली, काही उपयोग झाला नाही. डोंबिवलीची एक मुलगी संघात गेली. पुढे कारखान्यातही तीच लागली.

घरी येताना मी आईला म्हटलं, तुझ्या अडाणीपणापायी माझं सगळं गेलं. वाटलं, रडेल बिचारी.

ती म्हणाली, "मना ठाव होता. सकालीच तुज्या सरांनी सांगितलेला, मातीला हात लागला का बाद. तू नोकरीला गेल्यावर माजी बाजारातली जागा कोन चालवनार?"

ती जागा मी अजून चालवते. आईला मी माफ केलेलं नाही, आणि तिनं कधी माफी मागितलीही नाही.