अर्धवट ऐकलेलं नाव

त्या मंगळवारी आमच्या फार्मसी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आलेले, त्यामुळे फोन मी टेबलाच्या खणात टाकून दिला होता. साडेअकराच्या सुमारास सहज खण उघडला तर भाऊजींचे सात मिस्ड कॉल. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. ते एरवी स्वतःहून फोन करत नाहीत; ताईच लावून त्यांच्या हातात द्यायची. मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. ते म्हणाले, "बेबी, कुंदा बोलूनच नाही राहिली वं... डोळे उघडे हायेत, माह्याकडे पाहून राहिली, पण बोलून नाही राहिली."

तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे सांगतात, अचानक गेली, कुणाच्या हातात नव्हतं. मी मान हलवते. औषधशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. ती कशानं गेली ते मला नेमकं माहीत आहे, आणि ते कुणाच्या हातात होतं तेही.

आमचं बालपण मौदा गावातलं. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ताई अकरा वर्षांची असताना तिचा घसा धरला, ताप आला आणि मग एकेक सांधा सुजायला लागला. गुडघा उतरला की घोटा, घोटा उतरला की मनगट. डॉक्टर म्हणाले, हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं, कित्येक वर्षं. मी तेव्हा पाच वर्षांची होते. तिचं बोट धरून दवाखान्यात जायचे. इंजेक्शन फार दुखायचं. ती रडायची नाही, परतताना लंगडत लंगडत मलाच समजवायची, "पाहिलं ना? काहीच नाही होत." दोन वर्षांत ती ठणठणीत दिसायला लागली, कबड्डीच्या संघात गेली, आणि इंजेक्शनं आपोआप बंद पडली. बंद करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. मी या विषयाकडे वळले ते त्या दवाखान्याच्या फेऱ्यांमुळेच, असं मी मुलाखतीत वगैरे सांगत आले आहे.

पुढे ती नंदनवन भागातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई झाली. उंच, काटक, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुलगी जागीच थांबावी. बेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली, आणि त्या जुन्या तापानं आतल्या आत काय करून ठेवलं होतं ते कळलं. एक झडप बदलावी लागली. कृत्रिम झडपेचा आवाज येतो. शांत खोलीत तिच्या शेजारी बसलं की बारीक टिकटिक ऐकू यायची. शाळेतल्या मुली म्हणायच्या, मॅडमनं घड्याळ गिळलं आहे. मूल तिला झालं नाही. लग्नानंतर दोनदा गर्भ टिकला नाही, आणि ऑपरेशननंतर तो विषयच संपला. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. शाळेच्या संघातल्या मुलींना मात्र घरी आणून जेवू घालायची.

अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर गुठळी होते. ही गोळी फार नाजूक. जरा कमी पडली तर गुठळी, जरा जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि कितीतरी साधी औषधं तिच्या वाटेत येतात, यकृतात तिचा निचरा होऊ देत नाहीत. मग गोळी तेवढीच घेतली तरी रक्तातला तिचा जोर वाढत जातो. हे सगळं मी ताईला ऑपरेशनच्या आठवड्यातच समजावलं होतं. तिनं ते एखाद्या खेळाच्या नियमांसारखं पाठ केलं. दरवर्षी औषधांच्या परस्परक्रियांचा धडा आला की मी तिला वर्गात बोलवायची. ती शिट्टी गळ्यात तशीच ठेवून यायची, मुलांना स्टेथोस्कोप लावून झडप ऐकू द्यायची आणि सांगायची, "दुकानात गेले का आधी सांगते, माही रक्त पातळ करायची गोळी चालू हाय. मग काय पाहिजे ते. अन् तरीबी घरी आल्यावर बहिणीले फोन. तिनं हो म्हटल्याबिगर मी पुडी फोडत नाही." मुलं हसायची. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा... पंधरा वर्षं तिनं खरोखर एकही पुडी मला विचारल्याशिवाय फोडली नाही.

हिवाळ्यात तिनं खालची कवळी बसवून घेतली. ती घासायला लागली, तोंडात पांढरे चट्टे आले, जेवताना आग व्हायला लागली. दातांच्या डॉक्टरांना तिनं गोळीचं सांगितलं. ते म्हणाले, नुसतं लावायचं जेल आहे, काही होत नाही. तरी घरी येऊन तिनं मला फोन केला. मी तेव्हा मनीषनगरच्या घरी अंतर्गत परीक्षेचे गुण संगणकावर भरत होते. शेवटची तारीख होती, साइट दर दोन मिनिटांनी बंद पडत होती.

"बेबी, तोंडात लावाचं जेल देलं हाय. चालते का? नाव वाचते थांब... मायको... मायकोना..."

"ताई, लावायचंच आहे ना? पोटात थोडंच घ्यायचं आहे? लाव बिनधास्त."

"पक्कं?"

"पक्कं गं."

तिनं नाव वाचायला घेतलं होतं. चष्मा कपाटावर असणार, म्हणून अक्षर अक्षर लावत होती. मी ते पूर्ण होऊ दिलं असतं तर पुढच्याच अक्षराला माझा हात माउसवरून उठला असता, कारण हेच नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्या गोळीच्या नावासमोर, आणि मधे मोठी फुली मारते. मुलांना बजावते की तोंडातलं जेल थोडंफार गिळलं जातंच, आणि तेवढंही पुरतं. मला विषय येत नव्हता असं नाही. मी ऐकलं नाही. तो फोन एक मिनिट दहा सेकंदांचा आहे, यादीत अजून दिसतो.

दिवसातून चार वेळा, जेवणानंतर. डॉक्टरांनी सांगितलं तसं ती लावत राहिली. आठ-दहा दिवसांनी रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. बांगड्या मागे सारून ती कणीक मळायला बसली तेव्हा तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा डाग दिसला. मी विचारलं, हे काय? "बादली लागली असन," ती म्हणाली. ब्रशला रक्त येतं असंही बोलता बोलता म्हणाली, पण तोंड आलेलंच होतं, त्यामुळे ते तिलाही साहजिक वाटलं आणि मलाही. रक्ताची तपासणी कधी आहे, एवढं मात्र मी विचारलं. "बुधवारी. सोमवारी शाळेचं क्रीडासंमेलन हाय ना, ते झालं का जाते." मी बरं म्हटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. वर्गातली कुठलीही हुशार मुलगी त्या दिवशी तिला तशीच उठवून दवाखान्यात घेऊन गेली असती.

संमेलन झालं. मंगळवारी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली आणि शब्द फुटेनासे झाले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तरुण डॉक्टर भाऊजींना विचारत होते, रक्त इतकं पातळ झालंच कसं, गोळ्या जास्त घेतल्या का, नवीन काही सुरू केलं का? भाऊजींनी घाईत घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणली होती. त्यांनी ती खाटेवर उपडी केली. गोळ्यांच्या पाकिटांबरोबर एक ट्यूब घरंगळत माझ्यासमोर आली, खालून नीट गुंडाळत आणलेली, जवळजवळ संपलेली. मी नाव वाचलं. या वेळी पूर्ण वाचलं. डॉक्टरांना मीच सांगितलं, याच्यामुळे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मेडिकलमध्ये आहात का?" उतारा दिला, रक्ताच्या पिशव्या लावल्या, पण मेंदूत रक्त उतरून गेलं होतं. तीन दिवस मी तिच्याजवळ बसून होते. शेवटपर्यंत झडप चोख चालत होती...

महिनाभरानं मी औषधाचा दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म भरला. हा फॉर्म भरायला मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. रुग्णाची आद्याक्षरं, वय, संशयित औषध, सोबत चालू असलेली औषधं, परिणाम. परिणामाच्या रकान्यात मृत्यूसमोर खूण केली. कळवणाऱ्याचं नाव म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. लावायला कुणी सांगितलं, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. परस्परक्रियांचा धडा आता पुढच्या महिन्यात येईल. सहकारी मॅडम म्हणाल्या, या वर्षी मी घेते. मी हो म्हटलं. तिचं उदाहरण देऊन आणखी चार जीव वाचतील, असं लोक मला सांगतात. वाचोत. त्यानं मला काही हलकं वाटत नाही, आणि वाटावं अशी इच्छाही नाही.

भाऊजींना मी ताईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिच्या स्मरणाचा, कार्यक्रम झाल्यावर सांगितलं, सगळे नातेवाईक गेल्यानंतर. सतरंजी तशीच अंथरलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तिनं तुले विचारलं होतं ना?"

"हो."

"नाव सांगून राहिली होती?"

"हो, भाऊजी."

ते उठून आत गेले. मी वाट पाहत बसले; ओरडतील, हाकलून देतील... ते बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस फोन नाही. मीही केला नाही. काय म्हणून करणार होते?

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. "जेवाले ये," एवढंच बोलले. मी नंदनवनातल्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः स्वयंपाक केला होता. भात, वरण, जाडजाड पोळ्या, आणि प्रत्येक ताटात स्टीलच्या एका छोट्या वाटीत पालक, काठोकाठ, वरून चमच्यानं सारखा केलेला. पालेभाज्यांनी त्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ऑपरेशननंतर मी ताईला सांगितलं होतं की पालेभाजी बंद नको, पण रोज एकाच मापानं खा. ते माप इतकी वर्षं या घरात रोज शिजत होतं, आणि भाऊजींना पालक मुळीच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

"आता कशाला, भाऊजी?" मी विचारलं.

ते खाली बघत पोळीचा तुकडा मोडत राहिले. "तूच सांगितलं होतं तिले," ते म्हणाले. "रोज एक वाटी. कमी नाही, जास्त नाही. तुह्या सांगण्यातलं तिनं काहीच मोडलं नाही वं, बेबी... मी कसं मोडू?"

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मी शेवटच्या घासापर्यंत ती खाल्ली.