आठ किलोंचा फरक

साउथहॅम्प्टनला माझ्या नवऱ्याच्याच हॉस्पिटलात आमचे एक स्नेही भूल देणारे डॉक्टर होते. एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचे. त्यांच्यापुढे थाप मारणं अवघडच. मी मारली ती फोनवर.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा एखादा उन्हाळा असेल. वीकेंडला ते आम्हां नवराबायकोला त्यांच्या छोट्या विमानातून वेल्समध्ये कॅम्पिंगला नेणार होते. "वहिनी, वजन किती?" त्यांनी विचारलं; छोट्या विमानात किलोकिलोचा हिशेब लागतो. मी म्हटलं, "अठ्ठावन्न." होतं सहासष्ट.

एअरफील्डवर त्यांनी माझ्याकडे एकदाच नीट पाहिलं. मग स्वतःचा तंबू विमानातून काढून गाडीत ठेवला. "मी पंखाखाली झोपेन. आज पाऊस नाही," म्हणाले, आणि उड्डाणाआधीची यादी मोठ्यानं वाचत एकेक बटण बोटानं तपासू लागले. तो संथ, ठाम आवाज ऐकत मी पट्टा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तंबूची चेन उघडली, तर ते ओल्या स्लीपिंग बॅगवर बसून स्टोव्हवर चहा करत होते. मला राहवेना.

"भावजी, मी वजन खोटं सांगितलं होतं."

"माझ्या ऑपरेशन टेबलावर येणारे बरेच जण खोटंच सांगतात. मी नजरेनंच धरतो."

"मग माझी बॅग का नाही काढलीत?"

"तुमच्या नवऱ्यासमोर कारण सांगावं लागलं असतं." त्यांनी चहाचा मग माझ्या हातात दिला. "वजन बरोबर धरलं, वहिनी. पाऊस तेवढा चुकला."