समुद्री गवताला फूल येतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि एरवी तिच्यापासून माझं काही लपत नाही.

मी जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. सर कधी चुकत नाहीत, असं मुलंच सांगत फिरायची. त्या कौतुकाची मला चटक लागली होती — हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या दिवशी समुद्रातल्या वनस्पती शिकवत होतो. आता जबलपुरात समुद्र कुणी पाहिलाय? मी आपलं ठोकून दिलं — समुद्री गवत म्हणजे शेवाळच, नुसतं नावाला गवत. पुस्तक उघडून पाहिलंच नव्हतं.

तेव्हा श्रुती उभी राहिली. वडील फौजेत, अंदमानहून नुकतीच बदली झालेली; वर्गात अजून तिला मैत्रीण नव्हती. "सर, वो काई नहीं है," ती म्हणाली — काई म्हणजे शेवाळ. "उसकी जड़ होती है. फूल भी आता है." ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं ती हिरवी कुरणं पाहिली होती. समुद्री गाय — डुगाँग — चरून गेल्याच्या वाटासुद्धा.

मला एवढं का झोंबलं? सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणून? मी हसलो. म्हणालो, "अच्छा? तो दीदी समंदर में गजरा भी गूँथती थीं?"

वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं — गजरा दीदी.

क्लास सुटल्यावर ती आली. या वेळी मराठीत, घरच्यासारखी. "सर, मी खोटं नाही बोलून राहिली."

"चलो, उद्या बघू," म्हणून मी स्कूटर सुरू केली.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. मूळ, खोड, पान, फूल — पाण्यातून वाहत जाणारे परागकणसुद्धा. पोरीचा शब्द न् शब्द खरा होता. "काहून जेवून नाही राहिले तुम्ही?" बायकोनं विचारलं. डोकं दुखतंय, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एकच वाक्य बोलायचं होतं — काल मी चुकलो, श्रुतीचं बरोबर आहे. जीभ रेटली नाही. की मी ती रेटलीच नाही? मागच्या बाकावरून कुणीतरी "गजरा" म्हणालं. मला स्वच्छ ऐकू आलं. मी पाठ फिरवली आणि फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढायला लागलो.

पुढच्या चाचणीत प्रश्न होता — समुद्री गवत कोणत्या गटात मोडतं? पेपर माझाच, प्रश्न वगळता आला असता. पण वगळला आणि कुणी कारण विचारलं तर? राहू दिला.

श्रुतीनं आधी 'सपुष्प वनस्पती' लिहिलं होतं. मग ते खोडून 'शेवाळ'.

मी त्यावर बरोबरची खूण केली. ती वर्गात पहिली आली होती. सगळ्यांसमोर नाव पुकारून मी पेपर तिच्या हातात दिला. तिनं त्या खुणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थँक यू, सर," म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.